गाडीतला तिसरा कान

रात्री शेताच्या बांधावरून कोणी बॅटरी घेऊन चालत असेल, तर तो किती लांबून दिसतो? दोन-तीन शेतांपलीकडूनही उजेडाचा ठिपका हलताना कळतो. त्या माणसाला मात्र आपण दिसत नाही. त्याच्या बॅटरीचा उजेड आपल्यापर्यंत यायला हवा, आपल्या अंगावरून मागे फिरायला हवा आणि पुन्हा त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचायला हवा. एवढ्या प्रवासात त्या उजेडात काही उरत नाही. अमेरिकेत कितीतरी गाड्यांच्या पुढच्या काचेमागे रडार डिटेक्टर नावाची जी डबी बसवलेली असते, तिचे सगळे काम याच एका गोष्टीवर चालते. पोलिसाच्या हातात बॅटरी आहे, आपण अंधारात आहोत, आणि त्याला आपण दिसण्याआधी आपल्याला त्याचा उजेड दिसतो.

हिशेबच मांडायचा तर असा. अंतर दुप्पट झाले की डबीपर्यंत येणारी रडारची लहर एक चतुर्थांश उरते. पण गाडीवर आपटून पोलिसाच्या वेग मोजणाऱ्या रडार गनकडे परतणारी लहर सोळाव्या हिश्श्यावर येते, कारण ती जाताना विरते आणि येतानाही विरते. गनला मोजायला सशक्त प्रतिध्वनी हवा. डबीला फक्त चाहूल पुरते. मोकळ्या रस्त्यावर डबीला मैलभर आधी चाहूल लागते ती यामुळे.

न्यू जर्सीत आणि आसपास राहणारी मराठी मंडळी उन्हाळ्यात लांबच्या सहलींना निघतात. आई-बाबा भारतातून आलेले असतात, त्यांना वॉशिंग्टन दाखवायचे असते, नायगारा दाखवायचा असतो. रस्ता मोकळा मिळाला की काटा ताशी ६५ मैलांवरून ७५ वर कधी सरकला ते कळत नाही. न्यू जर्सीत मर्यादेपेक्षा १४ मैलांपर्यंत जास्त वेग सापडला तर लायसन्सवर २ पॉइंट चढतात, १५ ते २९ मैल जास्त असेल तर ४. मागून विम्याचा हप्ताही वाढतो. असे एक तिकीट मिळाले की माणूस डिटेक्टर शोधू लागतो आणि ओळखीतल्या कोणाला तरी फोन करतो. मला असे फोन येतात. मी प्रत्येकाला आधी एकच सांगतो: भरधाव जाता यावे म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, त्या कामात ही डबी तुम्हाला दगा देईल. लांबच्या रस्त्यावर लक्ष जागे राहावे, काटा सरकला तर कोणीतरी टोकावे, एवढ्यासाठी हवी असेल तर पुढचे वाचा.

आधी पोलिसाची बाजू. रडार गन लहर सोडते आणि धावत्या गाडीवरून ती परतते तेव्हा तिची वारंवारता किंचित बदललेली असते. फलाटावर न थांबता जाणाऱ्या मेलचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरलेला ऐकू येतो, तोच हा प्रकार. ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्रागमध्ये हा नियम मांडला. १८४५ मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने उत्रेख्तजवळ आगगाडीवर तुतारी वाजवणारे बसवले, रुळाकाठी स्वर ओळखणारे संगीतकार उभे केले आणि नियम खरा असल्याचे दाखवले. रडार गनमध्ये तेच गणित चालते. २४.१५ गिगाहर्ट्झच्या गनमध्ये ताशी दर मैलामागे ७२ कंपनांचा फरक पडतो, म्हणजे ७० मैलांनी येणारी गाडी सुमारे ५,०४० कंपनांचा फरक पाडते. सेकंदाला २४ अब्ज १५ कोटी कंपनांपुढे हा फरक नगण्य वाटेल, पण तो मोजणे सोपे असते, कारण पाच हजार कंपने म्हणजे आपल्या कानाला ऐकू येणारा स्वर. म्हणूनच गन तपासायला पोलीस नादकाटा वापरतात. काटा वाजवून गनसमोर धरला आणि त्यावर कोरलेला वेग पडद्यावर आला, की गन बरोबर चालते आहे.

या गना तीन पट्ट्यांत बोलतात. एक्स बँड १०.५२५ गिगाहर्ट्झवर, हा सर्वांत जुना. के बँड २४.१५ च्या आसपास. आणि केए बँड ३३.४ ते ३६ च्या मोठ्या पट्ट्यात, पण प्रत्यक्षात बहुतेक गना ३३.८, ३४.७ आणि ३५.५ या तीन ठिकाणांच्या जवळपासच असतात. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील. लेसर गन ही वेगळीच वस्तू आहे. ती रेडिओलहर वापरत नाही, ९०४ नॅनोमीटरचे अदृश्य अवरक्त किरण वापरते, आणि डॉपलर न मोजता दर क्षणाला गाडीचे अंतर किती कमी झाले ते मोजते.

डिटेक्टरचा जन्म तेलटंचाईतला आहे. १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर जानेवारी १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणणारा कायदा केला. लांबलांब सरळ रस्त्यांवर ५५ पाळणे लोकांना जड गेले, तिकिटे वाढली, आणि ओहायोतून ‘फझबस्टर’ नावाची पहिली गाजलेली डबी बाजारात आली. ती साधी होती आणि जवळ गेल्यावरच जागी होई. १९७८ मध्ये सिनसिनाटीच्या दोन अभियंत्यांनी, जिम येगर आणि माइक व्हॅलेंटाइन यांनी, ‘एस्कॉर्ट’ काढला. त्यात त्यांनी रेडिओतले जुने सुपरहेटरोडाइन तंत्र आणले: डबीच्या आत आपली स्वतःची एक लहर तयार करायची, बाहेरून आलेल्या लहरीत ती मिसळायची आणि दोहोंतला फरक ऐकायचा. त्याने डबीचा कान कितीतरी पट तीक्ष्ण झाला. आजच्या सगळ्या चांगल्या डब्या याच तंत्रावर चालतात. आत तयार होणाऱ्या त्या लहरीचा एक तोटाही आहे, तो शेवटी सांगतो. पुढे व्हॅलेंटाइन वेगळे झाले आणि १९९२ मध्ये त्यांच्या ‘व्हॅलेंटाइन वन’ने धोका पुढे आहे, बाजूला आहे की मागे, हे बाणाने दाखवायला सुरुवात केली.

आता डबीला काय ऐकू येत नाही ते. दुकानदार हे सांगत नाहीत आणि विकत घेणारा विचारत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

पोलिसाने गन सतत चालू ठेवली असेल तर डबीला लांबून चाहूल लागते. पण अनुभवी पोलीस तसे करत नाही. तो गन तयार ठेवून गप्प बसतो आणि गाडी टप्प्यात आली की बटण दाबतो. बॅटरी विझवून बांधावर बसलेल्या माणसासारखे हे. त्याने ती आपल्यावरच पहिल्यांदा पेटवली, तर डबी ओरडेपर्यंत त्याच्या पडद्यावर आकडा आलेला असतो. अशा वेळी आपल्याला वाचवते ती आपल्या पुढे अर्धा-पाऊण मैल असलेली दुसरी गाडी. तिच्यावर बटण दाबले गेले की त्या लहरीचा एक तुकडा कठडे आणि ट्रकच्या पत्र्यांवरून फिरत आपल्यापर्यंत येतो, डबी क्षणभर चिवचिवते आणि गप्प होते. ही क्षणभराची केए बँडची सूचना डबीने दिलेली सर्वांत मोलाची सूचना असते, आणि नवशिके तिलाच खोटी समजून सोडून देतात. उलट रात्री दोन वाजता रिकाम्या हायवेवर आपली एकटीच गाडी असेल, तर पुढे कोणीच नसते. तेव्हा डबीवर विसंबू नये.

लेसरचे त्याहून अवघड. रडारचा झोत पसरट असतो. १२ अंशांचा झोत १,००० फुटांवर सुमारे २१० फूट रुंद झालेला असतो, म्हणजे सगळ्या लेन त्यात येतात. लेसरचा झोत तेवढ्याच अंतरावर जेमतेम ३ फुटांचा असतो, तो थेट आपल्या नंबरप्लेटवर किंवा दिव्यांवर धरलेला असतो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत वेग सांगतो. काचेमागच्या डबीपर्यंत त्यातले किरण पोचतीलच असे नाही. पोचले तर ती लेसरची सूचना देते, पण बहुतेकदा तोवर मोजणी झालेली असते. भरधाव जाणाऱ्याने ही डबी घेऊ नये असे मी म्हणतो, ते या दोन कारणांनी.

न ऐकण्याइतकाच मोठा प्रश्न नको ते ऐकण्याचा आहे. सुपरमार्केटची आपोआप उघडणारी दारे के बँडवर चालतात. हायवेकाठी वाहतूक मोजणारे खांब के बँडवर असतात. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत आलेल्या असंख्य गाड्यांच्या मागच्या बंपरमध्ये शेजारच्या लेनवर नजर ठेवणारे २४ गिगाहर्ट्झचे छोटे रडार बसवलेले असते. अशी गाडी शेजारून चालली की साधी डबी मैलोन् मैल किंचाळत राहते. नव्या गाड्यांतली अशी रडारे ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास गेली आहेत, ती डबीला ऐकू येत नाहीत. पण जुन्या गाड्या रस्त्यावर अजून बरीच वर्षे राहतील. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यासाठी चोर आला तरी कोणी उठत नाही. डबीचेही तसेच होते. दुसऱ्या आठवड्यात मालक तिचा आवाज बंद करतो, तिसऱ्या आठवड्यात ती ग्लोव्ह बॉक्समध्ये जाते. म्हणून निवडताना माझी कसोटी एकच आहे: किती लांबून ऐकते हे नंतर पाहा, आधी विनाकारण किती ओरडते ते पाहा.

या कसोटीवर शंभर डॉलरच्या आतल्या डब्या सरळ बाद होतात. त्यांचा केए बँडचा कान अधू असतो आणि दुकानाचे दार मात्र त्यांना बरोबर ऐकू येते. दोनशे ते चारशे डॉलरच्या मधल्या गटात जीपीएस असलेली डबी मिळते, आणि पैसे मोजायचे तर याच एका सोयीसाठी मोजावेत. रोजच्या रस्त्यावर त्याच जागी, त्याच वारंवारतेवर काही ऐकू आले की ही डबी ते ठिकाण लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी तिथे गप्प राहते. पाचशे ते आठशे डॉलरच्या वरच्या गटात दोन अँटेना आणि दिशेचे बाण मिळतात. युनिडेन, एस्कॉर्ट आणि व्हॅलेंटाइन ही इथली ओळखीची नावे. व्हॅलेंटाइनच्या २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीतही जीपीएस डबीत नाही. तिथे फोनवरच्या अॅपला ते काम करावे लागते. बाण ही चैन आहे का? मला तसे वाटत नाही. सूचना पुढून मागे गेलेली दिसली की जे काही होते ते मागे पडले हे कळते आणि जीव खाली पडतो. पण बजेट ताणून बाण घेण्यापेक्षा मधल्या गटातली जीपीएसवाली डबी घेणे शहाणपणाचे.

आणखी एक गोष्ट बघा: डबीचे सॉफ्टवेअर नंतर अद्ययावत करता येते का. शेजारच्या गाड्यांची रडारे बदलत राहतात, त्यांना ओळखण्याची चाळणीही बदलावी लागते. याच कारणासाठी जुनी, वापरलेली डबी घेऊ नका. आपल्या काळात ती अव्वल असेल, पण त्या काळात रस्त्यावर एवढी बंपरमधली रडारे नव्हती.

बसवण्याचे काम तासाभराचे आहे, पण घाईचे नाही. गाडी सपाट जागेवर लावा. डबी काचेवर उंच, मधल्या आरशाशेजारी बसवावी, असे माझे मत. तिथून पुढच्या गाडीच्या टपावरून रस्ता मोकळा दिसतो, मागच्या काचेतूनही ऐकू येते, आणि बाहेरून जाणाऱ्याच्या नजरेत ती चटकन भरत नाही. खाली डॅशबोर्डजवळ लेसर थोडा बरा पकडला जातो हे खरे, पण उशिरा येणाऱ्या सूचनेसाठी लवकर येणारी गमावण्यात अर्थ नाही. डबी रस्त्याला समांतर असू द्या, नाक वर किंवा खाली नको. तिच्यासमोर वायपरचा दांडा, काचेच्या वरच्या कडेचे काळे ठिपके किंवा रंगीत पट्टी येऊ देऊ नका. तुमच्या काचेवर उष्णता अडवणारा किंवा काच तापवणारा धातूचा थर असेल, तर लहर आत शिरतच नाही. अशा गाडीत काचेमागची डबी हा पैशांचा चुराडा आहे. आणि सगळ्यांत आधी, गाडी चालवताना समोरचे दृश्य अडता कामा नये. कॅलिफोर्नियात काचेवर वस्तू लावायच्या जागा खालच्या कोपऱ्यांतल्या छोट्या चौकोनांपुरत्या ठरवून दिलेल्या आहेत, मिनेसोटाही याबाबत कडक आहे. तिथे डबी डॅशबोर्डवर ठेवणे बरे.

वीज सुरुवातीला लायटरच्या सॉकेटमधून घ्या, आठ दिवस जागा पक्की होईपर्यंत वायर लोंबकळू द्या. मग कायमची जोडणी करा. काही गाड्यांत लायटरचे सॉकेट गाडी बंद केल्यावरही चालू राहते. डबी तशीच राहिली आणि तुम्ही तीन आठवडे भारतात गेलात, तर परतल्यावर बॅटरी मेलेली सापडेल. म्हणून किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारा फ्यूज शोधायचा. मल्टिमीटर लावून पाहा: गाडी चालू असताना १२ व्होल्ट, बंद केल्यावर शून्य. तिथे फ्यूज टॅप बसवा, त्यात डबीसाठी २ अँपिअरचा वेगळा फ्यूज घाला आणि दुसरी वायर गाडीच्या बॉडीच्या उघड्या लोखंडाला भिडलेल्या बोल्टखाली कसा. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिनाच्या फ्यूजना हात लावू नका.

वायर छताच्या अस्तराच्या कडेत बोटाने ढकलत न्या. काचेच्या बाजूच्या खांबापाशी मात्र सावध व्हा. बहुतेक गाड्यांत त्या खांबाच्या आवरणाखाली पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग दडलेली असते. वायर तिच्या मागून, गाडीच्या मूळ तारांच्या जुडग्याला बांधून खाली उतरवायची. तिच्यावरून आडवी कधीही नाही. अपघातात ती पिशवी उघडली नाही तर कोणताही डिटेक्टर त्याची भरपाई करणार नाही. आवरण काढायचा धीर होत नसेल तर गाडीत स्टिरिओ बसवून देणाऱ्या दुकानात जा. तिथे दिलेले पैसे वाया जात नाहीत.

आता सेटिंग. डबी कारखान्यातून येते तेव्हा सगळे ऐकायला बसलेली असते. एक्स बँड बहुतेक राज्यांत बंद करून टाका; पोलिसांनी तो केव्हाच सोडला. न्यू जर्सी आणि ओहायोत तो इतरांपेक्षा जास्त काळ टिकला, त्यामुळे तिथले जुने चालक अजून चालू ठेवतात. के बँड चालू, पण त्याची चाळणी आणि वाहतूक मोजणाऱ्या खांबांची चाळणी दोन्ही लावून. केए पूर्ण चालू. पॉप नावाचे एक सेटिंग असते, अगदी क्षणिक झोत पकडण्यासाठी. ते बंद ठेवा, त्याने खोट्या सूचनाच वाढतात. लेसर चालू. जीपीएसवाली डबी असेल तर पहिले दोन आठवडे ठिकाणे स्वतः हाताने नोंदवा आणि आपोआप शिकण्याचे सेटिंग नंतर लावा. तुमच्या रस्त्यावर एखादा पोलीस रोज एकाच झाडाखाली के बँडची गन घेऊन बसत असेल, तर डबी त्यालाही दुकानाचे दार समजून शिकू शकते. केए बँडवरचे काहीही कधी गप्प करू नका. डबी वारंवारता दाखवत असेल तर केए बँडचे ते तीन आकडे आठवा: त्यांपैकी एखाद्याच्या, उदाहरणार्थ ३४.७ च्या, आसपास काही दिसले, की आधी पाय सैल करा आणि मग शोध घ्या.

पुण्या-मुंबईहूनही मला विचारणा होते, येताना एक घेऊन येशील का म्हणून. मी नाही म्हणतो. महाराष्ट्रात महामार्ग पोलिसांच्या वाहनांवर लेसर स्पीडगन असतात, त्यांच्यापुढे डबी जवळपास निरुपयोगी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे दोन ठिकाणांमधल्या अंतराला किती वेळ लागला यावरून सरासरी वेग काढतात. त्या मोजणीत ऐकण्यासारखी लहरच नसते.

शेवटी कायदा, आणि सुपरहेटरोडाइनचा तो राहिलेला तोटा. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत खासगी गाडीत डिटेक्टर चालतो. रडार बिघडवणारे जॅमर मात्र केंद्रीय कायद्याने सगळीकडे बंद आहेत. १०,००० पौंडांहून जड व्यावसायिक वाहनांत आणि लष्करी तळांवर डिटेक्टरलाही बंदी आहे. वॉशिंग्टन डी. सी. आणि व्हर्जिनियात तर साध्या मोटारीतही तो चालत नाही. तिथे नुसते लपवून भागत नाही, कारण डबीच्या आत तयार होणारी ती लहर अँटेनातून थोडी बाहेर झिरपते आणि ती पकडणारी उपकरणे पोलिसांकडे असतात. न्यू जर्सीहून आय-९५ महामार्गाने दक्षिणेला निघालात तर डेलावेअर आणि मेरीलँडपर्यंत अडचण नाही. पोटोमॅक नदीच्या अलीकडे एखाद्या विश्रांतीस्थळी थांबा, वायर काढा आणि डबी डिकीत बॅगांच्या खाली ठेवा. वीज नसलेली आणि गाडीतल्या कोणाच्याही हाताला सहज न लागणारी डबी व्हर्जिनियाचा कायदा गुन्हा मानत नाही.

नायगाऱ्याची गोष्ट वेगळी. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा आणि सॅस्कॅचेवान सोडून इतर प्रांतांत डिटेक्टरला बंदी आहे, आणि धबधब्याचा पलीकडचा काठ ऑन्टारिओत येतो. तिथे गाडीत डबी नुसती असणे हाच गुन्हा आहे, मग ती बंद असो वा डिकीत असो. पोलीस गाडीची झडती घेऊन ती जप्त करू शकतात. आई-बाबांना घेऊन रेनबो ब्रिज ओलांडून कॅनडात जाणार असाल, तर निघण्याआधी डबी काचेवरून काढा आणि घरी ठेवून जा.